गाण्याखाली दबलेली पंगत

लामत्याच्या बाजारचौकातून स्टेशनाकडे निघालं की डाव्या हाताला निळ्या दाराचं घर लागतं. दारावर पाटी आहे: ‘पुष्पलता व्हिडिओ. लग्न, बारसं, तेरवी.’ तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, शूटिंग आजवर एकानंही करवलेलं नाही. पण वसंताचं म्हणणं असं, की पाटीवर दोनच कामं लिहिली तर पाटी उपाशी दिसते.

या वसंताची चाल पाहावी. जगातली माणसं पुढे बघून पुढे चालतात. वसंताचं अर्धं आयुष्य वरातीसमोर कॅमेरा धरून उलटं चालण्यात गेलं. घोडा येतोय, बँड येतोय, नवरदेवाचा मामा डोक्यावर रुमाल फिरवत येतोय, आणि त्यांच्याकडे तोंड करून हा मागे मागे सरकतोय. लामत्यातला प्रत्येक खड्डा त्याच्या डोळ्यांआधी टाचांना कळतो. पुढे ही सवय इतकी अंगात मुरली, की बाजारात कोणी ओळखीचं भेटलं आणि बोलणं रंगलं, की वसंता उलटाच चालू लागायचा. भाजीवाल्या बाया मग आपापल्या टोपल्या ओढून घ्यायच्या.

“आला पाह्य वरातीचा बैल! वांगे सांभाळ वं!”

वसंता हसायचा. तो बोलण्याआधी हसायचा, बोलताना हसायचा, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते आठवून आणखी एकदा हसायचा.

घरात मात्र एक वस्तू अशी होती, की तिच्यापुढे त्याचंही हसू अडायचं. ती म्हणजे त्याच्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट.

लग्न झालं त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. कटंगीची मंडळी पुष्पलताला घेऊन लामत्याला आली आणि नवरदेवाच्याच मांडवात लग्न लागलं. त्यांच्यात रीतच तशी. शूटिंगला बालाघाटहून उस्ताद खेमराज आले होते. वसंता त्यांच्याच हाताखाली हे काम शिकलेला. उस्तादांनी शिष्याच्या लग्नासाठी म्हणून खास नागपूरहून मोठा कॅमेरा मागवला होता. खांद्यावर घेतला की माणूस कॅमेऱ्याखाली आहे की कॅमेरा माणसावर, ते कळू नये एवढा.

आता चेल्याला आपल्या लग्नात गप्प बसवेल का? मुंडावळ्या बांधलेला नवरदेव सगळ्या कॅसेटभर हातवारे करतोय. लाईट वर घ्या. जवळ या. आजीला घ्या, आजीला. अंतरपाट दूर झाला तेव्हा साऱ्या मांडवाच्या नजरा नवरीकडे, नवरीची नजर पायांच्या अंगठ्याकडे, आणि नवरदेवाची नजर कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटलाय का विझलाय याच्याकडे.

“माह्याकडं पाह्यलंच नाही तुमी,” पुष्पलता अजून म्हणते. “तुमचं लगन त्या लाल दिव्यासंगं लागलं.”

लग्नानंतर वसंताने कॅसेटवर गाणी चढवली. त्या काळी बिनागाण्याची कॅसेट म्हणजे बिनमिठाचं वरण. दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं की चित्र फिकं पडतं, म्हणून त्याने त्याच कॅसेटवर, चित्राला धक्का न लावता, मूळ आवाजाच्या जागी गाणी भरली. हळदीला एक, वरातीला तीन, जेवणाच्या पंगतीला ढोलकी-बासरीचं एक लांबलचक. एक शब्द म्हणून मोकळा सोडला नाही. मोठ्या अभिमानाने त्याने ती कॅसेट घरच्यांना दाखवली, आणि तिथेच घोटाळा झाला.

वसंताची आई गोदाबाई. लामत्याच्या आसपास तिच्यासारखी गाणारी बाई नव्हती. भाताच्या रोवणीला तिचा सूर लागला की पलीकडच्या बांधीतल्या बायांचे हात आपोआप चालायचे. लग्नात तर ती राणीच. इकडच्या लग्नांत पंगत बसली की यजमानीणबाई विहिणीला गाण्यातून चिडवते. तिचा झोला काढते, तिची भूक काढते, तिच्या माहेरचं मांजरसुद्धा सोडत नाही. विहिणीने त्यावर निदान एक ओळ तरी उलट म्हणायची असते. ओळ आली की दोघी हसतात, एकमेकींच्या तोंडात घास घालतात, आणि नातं पक्कं होतं.

त्या दिवशी गोदाबाईने तुळसाबाईला, म्हणजे पुष्पलताच्या आईला, पाटावर बसलेली पाहिली आणि सूर लावला:

“विहीणबाईची पिशवी फुगली कायनं?
पंगतीतले लाडू पळवले मायनं!”

सारी पंगत खदखदली. गोदाबाईने दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. तुळसाबाईने तोंडाला पदर लावला, मान फिरवली, उठली आणि शेजारच्या बाईचा हात धरून चालती झाली. एक ओळ नाही, अर्धी ओळ नाही. भरवायचा घास गोदाबाईच्या हातातच राहिला.

गोदाबाई तेव्हाच दुखावली होती, पण लग्नाच्या गडबडीत ते विरलंही असतं. विरू दिलं नाही ते कॅसेटने. घरात पाहुणा आला की कॅसेट लागायची, आणि पंगत जवळ आली की गोदाबाई हातातलं काम सोडून टीव्हीपुढे येऊन बसायची.

“आता पाहा. आता पाहा हं. पदर लावला! मान फिरवली! अन् उठली! पाह्यलं? गोदाले जवाब देणं तिच्या शानीत नाही बसत. कटंगीवाली ना मोठी!”

वर ढोलकी, बासरी. तुळसाबाई प्रत्येक वेळी उठायची, प्रत्येक वेळी जायची. जी गोष्ट एकदाच घडली होती, ती गोदाबाईच्या घरात दर दिवाळीला आणि दर पोळ्याला घडत राहिली. तिकडे तुळसाबाईच्या कानावर गेलं, की विहीण आपली कॅसेट लावून पाहुण्यांना दाखवते. तीही ताठ झाली. दोघींनी बोलणं टाकलं. नातीच्या, श्रियाच्या बारशाला एक सकाळी पाळण्यापाशी येऊन गेली, दुसरी संध्याकाळी आली.

असं करता करता दोन हजार पाच साल उजाडलं आणि पुष्पलताच्या धाकट्या भावाचं, शालिकरामचं लग्न ठरलं. कटंगीहून बोलावणं आलं. गोदाबाईने कुंकू लावून घेतलं, आणि बोलावणं करणारा गेल्यावर सांगून टाकलं:

“तुमी जा. मी नाही येत. जिनं जवाब नाही देल्ला, तिच्या पंगतीत मी काहून बसू?”

“माय, तुमी नाही तं मी बी नाही,” पुष्पलता म्हणाली. “भावाच्या लग्नात मी एकटी जाऊ, अन् साऱ्या बाया मले विचारतीन, सासू कुठी हाय वं? काय सांगू मी? कॅसेट पाहून राह्यली म्हणू?”

ती खरोखरच बसून राहिली. भावासाठी आणलेलं कापड तिने शिवायला टाकलं नाही. गावातल्या बाया विचारत, “पुष्पा, कधी निघता मग?” ती नुसती चूल फुंकायची. एकच भाऊ, आणि त्याच्या हळदीला बहीण नसावी? वसंताने आईपुढे हात जोडले, बायकोपुढे हात जोडले, आणि घरात पुढे तोंड करून चालू लागला. त्यावरूनच ओळखावं, की माणूस काळजीत होता.

काळजीतल्या माणसाला काम लागतं. वसंताने ठरवलं, शालिकरामला आहेर म्हणून आपल्या लग्नाची डीव्हीडी करून द्यायची. त्या कॅसेटमध्ये हाफ चड्डीतला शालिकराम वरातीत नाचला होता. बालाघाटहून जोडून आणलेला कॉम्प्युटर नवाच होता. फक्त जुना व्हीसीआर पट्टी चावायला लागला होता. उस्ताद खेमराजांनी बालाघाटचं आपलं दुकान आवरताना त्यांचा मोठा व्हीसीआर वसंताला दिला. तो छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत मांडीवर घेऊन वसंता लामत्याला आला. कोणी धक्का दिला की म्हणायचा, “जरा सांभाळून, लेकरू झोपलं हाय.”

आता कॅसेटची डीव्हीडी करायची म्हणजे काय करायचं? कॅसेट आपल्या चालीने चालते, तिला घाई चालत नाही. जितका वेळ लग्न, तितका वेळ ती कॉम्प्युटरात उतरते. मधे लाईट गेली की लग्न पहिल्यापासून. उतरल्यावर तिचे दोन तुकडे होतात: चित्राची फाईल वेगळी, आवाजाची फाईल वेगळी. मग दोघांना पुन्हा जोडायचं. वसंता याला ‘लगन लावणं’ म्हणायचा. चित्र नवरदेव, आवाज नवरी. मुहूर्त जरा चुकला, की ओठ एकीकडे हलतात आणि शब्द दुसरीकडे पडतात.

त्या दिवशी सकाळी लाईट टिकली. कॅसेट उतरली. वसंताने आवाजाची फाईल उघडली आणि हळदीचं गाणं ऐकू येईल म्हणून मान डोलवायच्या तयारीत बसला.

गाणं आलंच नाही. आला एका म्हाताऱ्याचा आवाज: “अरे माही चप्पल कोणं नेली बे?”

वसंता खुर्चीतून उठला. वरातीवर गेला. तीनपैकी एकही गाणं नाही. बँडवाला दुसऱ्या बँडवाल्याला म्हणत होता, “तू फुकतच नाही ना रे, नुसते गाल फुगवून राह्यला.”

“पुष्पे!” वसंता ओरडला. “गाणं पळालं! आपल्या लग्नातून गाणं पळालं!”

तो तसाच चौकातल्या पीसीओवर धावला आणि बालाघाटला फोन लावला.

“जय भीम, उस्ताद! तुमचा व्हीसीआर माह्ये गाणे खाऊन गेला!”

“जय भीम. काहून बोंबलून राह्यला? शांतीनं सांग.”

वसंताने सांगितलं. पलीकडे उस्ताद इतका वेळ हसले की पीसीओवाला काचेतून बघू लागला.

“अरे बापा, तुह्य गाणं कुठी नाही गेलं. त्या मोठ्या कॅमेऱ्यात आवाज दोन जागी पडे. एक पट्टीच्या काठावर, अन् एक चित्राच्या पोटात. तू गाणं चढवलं ते काठावर. पोटातलं पोटातच राह्यलं. तुह्या जुना व्हीसीआर काठच वाचे. हा पोट वाचते.”

“म्हणजे लग्नात जे जे बोलले ते...”

“सारं हाय. मी बी नाही ऐकलं कधी. कॅमेऱ्याले कान दोन होते, मले डोळा एकच.”

वसंता पीसीओपासून घरापर्यंत उलटा चालत आला. त्याला स्वतःलाही ते कळलं नाही.

मग काय विचारता! नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरपुढे बसले आणि चित्र न जोडता, नुसता आवाज लावून त्यांनी आपलं लग्न इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं. गाण्यांच्या गोधडीखाली सारं गाव जिवंत निजलेलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना पुरोहित मधेच म्हणत होता, “चहा ठेवा हो.” एक आजी दुसरीला विचारत होती, “नवरा कोणता वं? तो हात हलवून राह्यला तो? बरा हाय ना डोक्यानं?” आणि अंतरपाट दूर होण्याच्या ऐन क्षणी, साऱ्या मांडवाने श्वास रोखलेला असताना, खुद्द नवरदेवाचा आवाज आला: “उस्ताद! लेन्सवर अक्षत पडली!”

पुष्पलता हसली. कटंगीचं बोलावणं आल्यापासून ती हसली नव्हती. ती हसता हसता भिंतीला टेकली, भिंतीवरून जमिनीवर आली आणि तिथूनच म्हणाली, “पुढं लावा, पुढं लावा.”

पुढे पंगत होती.

गोदाबाईचा सूर आला. खणखणीत, पितळी घंटेसारखा. खदखदणारी पंगत आली. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, पदराआडून, दबका आणि शिट्टी मिसळलेला तुळसाबाईचा आवाज आला:

“अगं माय, काय गाते वं माही विहीण! लय भारी गाते! असं आपल्या कटंगीत कोणाले नाही येत. मी मरतो वं हसून हसून. अन् हा कॅमेरावाला तोंडावरच येऊन बसला. कालच सुपारीनं समोरचा दात गेला माह्या, हसली तं सिनेमात भगदाड दिसन! जवाब देऊ कशी? नुसती शिट्टी वाजते. ऊठ, ऊठ, कोठीत जाऊन हसून घेऊ.”

मग पावलं. मग लांब, भिंतीपलीकडून, दोन बायांचं फुटलेलं हसू.

पुष्पलता जमिनीवरून उठून बसली.

“माही माय तं म्हणे नळावर घसरली अन् दात पडला,” पुष्पलता म्हणाली. “लग्नानंतर म्हणे. पंगतीतून संगं उठली ते माही काकू, तिले बी मायनं तेच सांगायले लावलं असन. काकू गेली, पण बोलली नाही.”

“आता मी आईले ऐकवतो!” वसंता उठलाच.

“थांबा! माह्या मायचा दात गावभर करान तुमी. जिनं इतके वर्सं झाकून ठेवला, तिचं भगदाड तुमी डीव्हीडीत छापान?”

“मग?”

“तुमच्या मायले एकटीलेच ऐकवा. दार लावून. अन् डीव्हीडीत त्या जागी पुन्हा ढोलकी टाका.”

वसंताने कबूल केलं. पण घाईने घात केला. दुपारी गोदाबाईला आणून बसवलं, दार लावलं, पंगत सुरू केली. लाईट गेली नव्हती, पण सकाळपासून वरखाली होत होती. कॅसेट उतरताना चित्राचे काही कण गळून गेले होते. आवाज मात्र सगळाच्या सगळा आलेला. जसजशी कॅसेट पुढे जाईल तसतसं चित्र पुढे पळे आणि आवाज मागे राही. पंगतीपर्यंत दोघांत एवढं अंतर पडलं, की तुळसाबाई उठून गेली, तिच्या पाटावर वसंताचा मिशाळ मामा येऊन बसला, त्याने भाताचा मोठा घास तोंडात घातला, आणि त्याच्या मिशांतून विहिणीचा आवाज आला: “कालच सुपारीनं समोरचा दात गेला माह्या...”

गोदाबाई उठून उभी राहिली.

“वसंता! मायले येडं समजतं काय बे? मामाच्या तोंडातून विहिणीचा आवाज काढतं? हे तुह्या कॉम्प्युटरचं नाटक! बायकोनं शिकवलं का सासूनं?”

“माय, खरंच हो...” पुष्पलता म्हणाली.

“काही खरं नाही. आता तं जीप दारात आली तरी नाही जात.”

झालं. होतं ते हसूही गेलं. शालिकरामची हळद दोन दिवसांवर आलेली. पुष्पलता म्हणाली, “राहू द्या आता. नशिबातच नाही.” आणि भावासाठी आणलेलं कापड तिने पेटीत तळाशी टाकलं.

वसंता मात्र हटला नाही. लगन लावणाऱ्याने मुहूर्त चुकवला होता, तर मुहूर्त त्यानेच साधायला हवा होता. त्याने पंगतीचं चित्र कणाकणाने पुढे नेलं. सुरुवातीला पाणी वाढणाऱ्याच्या हातून पितळी लोटा पडताना दिसला. आवाजाच्या फाईलमध्ये रेषांचं एक शेत पसरलेलं होतं, कुठे खुरटं, कुठे दाट. त्यात एका जागी एकच रेष ताडासारखी उंच उभी होती. ऐकलं, तर ठण्ण! लोटाच. चित्रातला लोटा आणि आवाजातला लोटा त्याने एकाखाली एक आणले. पण पुढे जाता जाता ते पुन्हा सुटू लागले. आता शेवटची खूण हवी होती. ती मिळाली मांडवाच्या खांबाला बांधलेल्या फुग्यात. पंगत उठताना एका पोराने तो टाचणीने फोडला होता. फट्ट! इकडे लोटा, तिकडे फुगा, आणि मधला आवाज रोवणीच्या दोरीसारखा ताणून बसवला. मग जिथे जिथे ओळ वाकडी दिसे तिथे थोडा उपटायचा, थोडा सरकवायचा, पुन्हा रोवायचा. लाईट जायची तेव्हा तो डोळे मिटून ‘ठण्ण... फट्ट... ठण्ण... फट्ट’ असं म्हणत बसायचा. दारावरून जाणाऱ्या बायांना वाटलं, गेला हा कामातून.

दुसऱ्या दिवशी लगन लागलं. पण आता आईला आणायचं कसं? ते पुष्पलताने केलं. ती परसात गेली. गोदाबाई तांदूळ निवडत होती.

“माय, विहिणीचं नका ऐकू. तुमचं गाणं तं ऐका.”

“माह्य कोणतं गाणं?”

“पंगतीतलं. इतके वर्सं सारे तुमाले गाताना पाहून राह्यले. ऐकलं कोणं? यायनं वर ढोलकी टाकली होती ना.”

गोदाबाईचे हात सुपात थांबले. ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. आपला गळा आपण कधी बाहेरून ऐकलाच नाही. ती उठली, पदराने हात पुसले आणि कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. बसली ती दाराकडे अर्धं तोंड करून, म्हणजे पटलं नाही तर उठायला बरं.

लोटा पडला. ठण्ण! आणि चित्रातली गोदाबाई, काळ्या केसांची, कमरेवर हात ठेवलेली, तिने तोंड उघडलं. शब्द बरोब्बर तोंडात बसले.

“विहीणबाईची पिशवी फुगली कायनं...”

म्हातारी पुढे सरकली. तिचे ओठ आपोआप हलू लागले. पडद्यावरची गोदा आणि खुर्चीतली गोदा एकाच वेळी श्वास घेत होत्या.

“हे मी होय?”

“हौ माय. तुमीच.”

“बरी गात होतो की मी,” गोदाबाई म्हणाली, जसं कोणा दुसरीबद्दल सांगावं.

तेवढ्यात कॅमेरा तुळसाबाईवर गेला. पदर, मान, आणि त्या पदराचं हलणं आता कळत होतं: खांदे गदगदत होते, पदर हसण्याने हलत होता. पदराआडून शिट्टीचा आवाज आला. लय भारी गाते. भगदाड. कोठीत जाऊन हसून घेऊ. दोघी उठल्या, आणि भिंतीपलीकडून हसू फुटलं. फुगा फुटला, फट्ट!

गोदाबाईने दाराकडचं तोंड पडद्याकडे वळवलं.

“माय?”

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावलं.

“काय म्हणते? लय भारी म्हणते का बरी म्हणते?”

“लय भारी म्हणते माय.”

“पुन्हा लाव. कटंगीत कोणाले नाही येत म्हणते ना? तेवढंच लाव.”

वसंताने तेवढंच लावलं. मग पुन्हा तेवढंच. गोदाबाई आधी नाकातून हसली, मग पोटातून, मग तिला ठसकाच लागला आणि पुष्पलता तिची पाठ चोळता चोळता स्वतःच लोळू लागली. “भगदाड म्हणते! सिनेमात भगदाड!” लाईट गेली तरी तिघं अंधारल्या पडद्यापुढे हसतच राहिली.

डोळे पुसत गोदाबाई उठली. “पुष्पे, माह्य हिरवं लुगडं काढ. अन् भावाचं कापड शिवाले टाकलं का नाही? काय पोरगी होय वं, उद्या हळद हाय अन् कापड पेटीत! वसंता, शिंप्याच्या उरावर बसून आजच शिवून आण. जवाब बाकी हाय माह्या. घेऊनच येतो.”

कटंगीला जीप पोचली तेव्हा मांडव गजबजलेला होता. जीपमधून हिरवं लुगडं उतरताना पाहून तुळसाबाई हातातलं ताट घेऊन जागीच उभी राहिली. नवं धोतर नेसलेला शालिकराम बहिणीकडे धावला. पण बहीण दोघी आयांकडे बघत थबकली होती. गोदाबाई सरळ तुळसाबाईपुढे गेली. मुलीकडच्या, मुलाकडच्या सगळ्या बाया वळून बघू लागल्या. गोदाबाईने तिच्या कानाला तोंड लावलं. काय म्हणाली ते मांडवात कोणाला ऐकू आलं नाही. पण वसंताचा कॅमेरा जवळ होता आणि या कॅमेऱ्यालाही कान होते.

“आता तं दात बसवला ना, विहीणबाई? मंग माह्या जवाब कुठी हाय?”

तुळसाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिने लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, जावयाच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. वसंता कॅमेऱ्याआड जेवढं लपता येईल तेवढं लपला.

“तुमाले कोणं सांगितलं?”

“तुमीच. लय भारी गाते म्हणे.”

तुळसाबाईच्या तोंडून हसू असं सुटलं की ताटातले तांदूळ सांडले. या खेपेला तिने पदर लावला नाही.

पंगत बसली. या वेळी मांडव कटंगीचा, म्हणून गायची पाळी तुळसाबाईची आणि पाटावर गोदाबाई. वसंता पंगतीच्या मधल्या वाटेने उलटा उलटा सरकत होता. टाचेला वरणाची बादली लागली तरी थांबला नाही. तुळसाबाई पुढे आली. सूर लावायला तोंड उघडलं, थांबली, काहीतरी विचार केला. मग भर पंगतीत, साऱ्या पाहुण्यांपुढे, दोन बोटं तोंडात घालून तिने समोरचा बसवलेला दात काढला, पदराला पुसला आणि गोदाबाईच्या तळहातावर ठेवला.

“धरा विहीणबाई. तवाचा जवाब हाय, तवाच्याच तोंडानं देतो.”

गोदाबाईने मूठ मिटली. आणि तुळसाबाईने त्या भगदाडातून, प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजवत, सगळ्या मांडवावर सूर फेकला:

“लामत्याची विहीण बारा वर्सं रुसली,
दात माह्या मुठीत धरून आता हसली!”

पंगतीतल्या कित्येकांचा घास घशात अडकला. पुष्पलता एका हाताने आईला आणि एका हाताने सासूला धरून नुसती हलत होती. रडतेय की हसतेय ते तिलाही सांगता आलं नसतं. गोदाबाईने डाव्या हाताने भाताचा घास केला आणि तुळसाबाईच्या तोंडात घातला. उजवी मूठ तिने उघडली नाही. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं, तुळसाबाई थांबायचं नाव घेईना. मागितला तरी गोदाबाई दात देईना. “अजून एक म्हणा, मंग देतो,” असं म्हणत राहिली.

शालिकरामच्या लग्नाची डीव्हीडी निळ्या दाराच्या घरात कपाटात आहे. तिच्यात वरातीला गाणी आहेत, हळदीला गाणी आहेत. पंगतीवर गाणं नाही. तिथे चित्र सारखं हलतं, कधी आभाळ दिसतं, कधी भाताचा टोप, कधी नुसत्या चपला, कारण कॅमेरा धरणारा माणूस हसून हसून खाली बसला होता.